नोंदणीकृत खरेदीखत हातात असूनही…

साताऱ्याच्या शनिवार पेठेतील जुने घर आम्ही रीतसर खरेदीखताने घेतले. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, वृद्ध मालकीणबाईंचेच नाव होते, वकिलांच्या शोध अहवालात कर्जाचा वा इतर हक्काचा बोजा निघाला नाही, वर्तमानपत्रातील जाहीर नोटिशीवर हरकतही आली नाही. तरीही आज तो दस्त रद्द करावा म्हणून त्यांच्या पुण्यातील मुलींनी दिवाणी दावा लावला आहे. बाईंवर स्मृतिभ्रंशासाठी बराच काळ उपचार चालू होते आणि व्यवहार जमवणारा पुतण्या व दलाल यांनी ते आमच्यापासून लपवले.

बोलणी चालू असताना बाईंना काही विचारले की उत्तर पुतण्याच देई. “काकूंना ऐकायला कमी येतं, मला सगळं माहीत आहे,” असे तो इतक्या मायेने सांगे की त्यांना एकटे भेटण्याचा आग्रह धरणे उद्धटपणाचे वाटावे. दुय्यम निबंधकांसमोर बाईंनी सही केली, अंगठा दिला, छायाचित्रही निघाले. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३५ नुसार दस्त करून देणारी व्यक्ती अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) किंवा मनोविकल दिसल्यास नोंदणी नाकारली जाते. परंतु नीटनेटके पातळ नेसून शांत बसलेल्या बाईंचे विस्मरण अशा धावत्या भेटीत कोणाला दिसणार? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२ ची कसोटी त्याहून कडक आहे : करार करतेवेळी तो समजण्याची आणि आपल्या हितावरील परिणाम विवेकाने तोलण्याची क्षमता असावी लागते.

म्हणून वृद्ध विक्रेत्याला नातेवाइकांना बाहेर बसवून विचारावे, की किंमत किती ठरली आणि घर विकल्यावर आपण राहणार कुठे. शंका आल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा सहीच्या दिवशीचा दाखला घ्यावा आणि सर्व मुलांशी स्वतः बोलावे. मालकाच्या वतीने सही करण्याचा अधिकार देणारे मुखत्यारपत्र कोणी पुढे केले तरी हुरळून जाऊ नये, कारण ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेल्यावर सर्वसाधारणपणे करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ते संपुष्टात येते.

आम्ही रक्कम बाईंच्या खात्यात भरली होती, पण ते खाते पुतण्यासोबत संयुक्त निघाले आणि त्याने ती काढून घेतली. दस्त रद्द करताना मिळालेला लाभ परत करण्यास न्यायालय सांगू शकते; मात्र आईच्या हाती एक रुपयाही पडला नाही, असे मुलींचे म्हणणे आहे.