जीआयएस सर्टिफिकेट कोर्स: ४४,८४० रुपये वसूल झाले का?

जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे बनवण्याचा, कोर्स संपून बरेच महिने झाले. लिहायला आत्ता बसलो, कारण परवा सॉफ्टवेअर उघडलं तर 'लायसन्सची मुदत संपली' असं समोर आलं. विद्यार्थी लायसन्स एका वर्षाचं, आणि ते वर्ष धरलेलं प्रवेशाच्या दिवसापासून. म्हणजे निम्मी मुदत शिकण्यातच गेली. माहितीपत्रकात 'सॉफ्टवेअरसहित' हे ठळक अक्षरांत आहे, मुदत कुठेच नाही. फोन केला तर गोड आवाजात उत्तर, "सर, रिन्यूअल करता येतं ना." रिन्यूअलचा आकडा ऐकला आणि फोन ठेवला.

फी ३८,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. फोंड्यात सर्व्हेयरकडे ऑटोकॅडवर ड्राफ्टिंग करणाऱ्याला ही रक्कम लहान नाही. छापील सर्टिफिकेटच्या कुरिअरचे पैसे वेगळे घेतले, त्यावर बोलत नाही, बीपी वाढतं.

लायसन्सवर मात्र बोलणार. कोर्सभर केलेलं काम त्या सॉफ्टवेअरच्याच प्रोजेक्ट फाइलमध्ये साठवलेलं. क्यूजीआयएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शेपफाइली (नकाशाचा कच्चा डेटा) उघडल्या, पण रंग, लेबलं, लेआउट सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि गोव्यातल्या छोट्या ऑफिसांत वापरतात ते क्यूजीआयएसच, कारण ते फुकट आहे. पणजीत एका मुलाखतीत पहिला प्रश्न तोच, "क्यूजीआयएस येतं?" आमच्या अभ्यासक्रमात त्याला एक रविवार दिला होता, तोही 'तोंडओळख' म्हणून. जे बाजारात लागतं त्याला एक रविवार, आणि जे वर्षाने बंद पडणार त्याला बाकी सगळे!

सरकारी नोकरीचं म्हणाल तर मी पाहिलेल्या जाहिरातींत आधी पदवी, मग पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, कोकणी अत्यावश्यक, मराठी येत असल्यास बरं. जीआयएसचं सर्टिफिकेट दिसलंच तर 'असल्यास प्राधान्य'च्या ओळीत. कोर्सवाले 'सरकारी खात्यांत प्रचंड मागणी' म्हणतात तेव्हा कुठल्या खात्यात, कुठल्या पदाला, हे विचारा.

इथपर्यंत लिहून दोन स्टार देऊन मोकळा होणार होतो. तेवढ्यात ऑफिसात एक काम आलं, म्हणून पुढचं जरा वेगळं.

दुर्भाटकडे झुआरी नदीच्या काठची जमीन. मालकाला अर्ज करण्याआधी अंदाज हवा होता, की सीआरझेडमध्ये, म्हणजे बांधकामावर बंधनं असलेल्या किनारी पट्ट्यात, किती जाते. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे भरतीचं पाणी येणाऱ्या नदीला भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यांतलं कमी असेल ते. झुआरी तिथे चांगली रुंद, म्हणजे १०० मीटरच. हातात एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा आणि सर्व्हे प्लॅनचा स्कॅन. तो स्कॅन उपग्रह चित्रावर बसवायचा. आमच्याकडची पद्धत अशी, की दोन्हींवर ओळखू येणारे तीन बिंदू जुळवायचे, 'चूक शून्य' आली की चहा मागवायचा. पण स्कॅन फिरवून-ताणून बसवण्याच्या साध्या रूपांतराला तीनच बिंदू दिले तर चूक शून्य येणारच! ते गणित तीन बिंदूंवर नेमकं सुटतं, नकाशा चुकलेला असला तरी. चौथा, पाचवा, सहावा लावला की खरं काय ते कळतं. हे कोर्समधल्या सरांनी प्रत्येकाच्या गृहपाठावर लाल शाईने लिहून डोक्यात बसवलं होतं. मग मानशी (पाणी सोडण्या-अडवण्याचं दार), विहीर, चिऱ्यांच्या कुंपणाचे कोपरे असे पसरलेले बिंदू घेतले. तीन बिंदूंचा नकाशा एका टोकाला बऱ्यापैकी सरकलेला निघाला. सरकला होता तोही नेमका नदीकडच्या टोकाला, म्हणजे सीआरझेडचा अंदाजच चुकला असता. अधिकृत आखणी अर्थातच मान्यताप्राप्त संस्थेची लागते, पण मालकाने आर्किटेक्टला ॲडव्हान्स देण्याआधी हात आखडला.

दुसरी गोष्ट प्रोजेक्शनची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीची. गोवा यूटीएमच्या ४३ उत्तर विभागात, कोड ३२६४३, मापं मीटरमध्ये. फाइल ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या कोडमध्ये, राहिली आणि बफरला (भोवतीच्या पट्ट्याला) १०० लिहिलं तर ते १०० अंश होतात, आणि अख्खा आफ्रिका खंड सीआरझेडमध्ये येतो. हे यूट्यूबवरही मिळतं, कबूल. पण आपला नकाशा उघडून 'हे परत कर' म्हणणारं कुणी तिथे नसतं. त्या कामानंतर साहेबांनी पगार वाढवला नाही, मात्र नकाशाच्या कामांचे वेगळे पैसे धरायचं ठरलंय.

म्हणून स्टार साडेतीन. कापलेला दीड अख्खा लायसन्सचा, त्यात तडजोड नाही.

वहिनी म्हापशाला हायर सेकंडरीत भूगोल शिकवते. तिने विचारलं, मी करू का? मी म्हटलं, तू एवढे पैसे घालू नकोस. डेहराडूनच्या आयआयआरएसचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत, ती इस्रोचीच संस्था, सर्टिफिकेटही मिळतं. सेंटिनेल-२ उपग्रहाची दहा मीटरची चित्रं फुकट, इस्रोचं 'भुवन' हे नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे. गृहपाठ मी तपासतो. तिला पटलं. आता शाळेच्या लॅबमध्ये क्यूजीआयएस इन्स्टॉल करायला ॲडमिन पासवर्ड लागतो, तो नक्की कुणाकडे आहे याचा शोध चालू आहे.