मोसंबीच्या बागेतली एटीव्ही अन् 10डब्ल्यू-40 ऑईल, उन्हाळा-पावसाळा वापरून

अंबडकडं आमची मोसंबी आहे, बागेत फवारणीची टाकी न् खताची पोती ओढायला एटीव्ही (चार जाड टायरांची, रानात चालणारी मोटारसायकलसारखी गाडी) घेतली. फुकटच्या सर्व्हिसा संपल्यावर ऑईल आखाड्यावरच (शेतातल्या घरी) बदलायला लागलो कारण गाडीला रोडचं पासिंग नाही, दरवेळी पिकअपमध्ये टाकून संभाजीनगरला न्यायची म्हणजे ऑईलपेक्षा भाडंच जास्त. सेमी सिंथेटिक 10डब्ल्यू-40 (हा ऑईलच्या जाडीचा नंबर) टाकतोय, त्याचं सांगतो.

आधी एक, किलोमीटर बघत बसू नका. बागेत गाडी दिवसभर खालच्या गिअरला रांगते, किलोमीटर पडतच नाहीत पण इंजिन तासन्‌तास तापलेलं असतं, वरून मे महिन्यात 42-43 डिग्री. तासाचं मीटर बघा. पहिली बदली साधारण 20-25 तासाला अन् पुढं 100 च्या आसपास सांगतात, पण धूळ, पाणी, ओझं असलं तर लवकर बदला असंही मॅन्युअलात असतंच, आपल्याकडं तिन्ही आहे! मी 50 ला बदलतो.

डब्यावर जासो (JASO) एमए किंवा एमए2 लिहिलंय का ते बघून घ्या, ऑईलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑईलची ती खूण. माझ्या गाडीत क्लच प्लेटा ऑईलमध्येच बुडालेल्या असतात, कारचं मायलेजवालं पातळ ऑईल टाकलं की त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या केमिकलनं क्लच घसरतो. लिटरमागं थोडे पैसे जास्त जातात, जाऊ द्या. गिअर मऊ पडतात, उन्हातही आवाज वाढला नाही. शेजारचे त्याहून जाड 20डब्ल्यू-50 टाक म्हणतात, मॅन्युअलातल्या तापमानाच्या तक्त्यात बसत असलं तर टाकायला हरकत नाही, मला गरज वाटली नाही. तक्रार म्हणजे कॅनचं तोंड भलतंच बेकार, लांब नळीचं नरसाळं नसलं की निम्मं इंजिनवर.

बदलायला काही अवघड नाही, इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा, सपाट जागेवर लावा, बोल्ट खोला, घमेलं खाली. वायसर दरवेळी नवा. बोल्ट आवळताना मात्र ताकद दाखवू नका, खालचं चेंबर ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की मोठा खर्च. सालगड्याच्या हातात तर पाना देऊच नका, तो ट्रॅक्टरच्या हिशोबानं आवळतो. बोल्टाच्या मॅग्नेटला बारीक काळी पेस्ट लागली तर चालतं, चमकणारे तुकडे दिसले तर मिस्त्रीला दाखवा. ऑईल कमी नको तसं मापाच्या काडीवरच्या खुणेच्या वरही नको, जास्त झालं की ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणारी नळी) एअर फिल्टरच्या डब्यात येतं. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली अन् काडीवर ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं, म्हणजे आत पाणी शिरलं, तर तास मोजू नका, तसंच चालवू नका, लगेच बदला.

अन् कितीही भारी ऑईल टाका, फोमचा एअर फिल्टर धुतला नाही तर सगळं वाया. उन्हाळ्यात काळ्या रानातली धूळ इतकी बारीक की आत गेली की पिस्टनच्या रिंगा घासून टाकते, मग गाडी ऑईल प्यायला लागते. मी उन्हाळ्यात दर आठवड्याला धुतो, पूर्ण वाळवून फिल्टरचं ऑईल चोळून पिळून बसवतो.

निघालेलं काळं ऑईल विहिरीकडं, पाटाकडं ओतू नका, आमच्या गावातला गॅरेजवाला कॅनसकट घेऊन जातो. वॉरंटी चालू असली तर ऑईलचं बिल अन् त्या दिवशीचं तासाचं रीडिंग लिहून ठेवा, इंजिनचा क्लेम करायची वेळ आली तर विचारू शकतात.