ओतीव फिरता पाट आणि स्टीलचा स्क्रेपर : तीन केकनंतरचा अभिप्राय

चार वर्षे प्लास्टिकच्या हलक्या पाटावर केक केल्यानंतर यंदा मार्चमध्ये मी पुण्याच्या रविवार पेठेतून ओतीव ॲल्युमिनियमचा १२ इंची फिरता पाट आणि स्टेनलेस स्टीलचा ६ इंच उंचीचा स्क्रेपर, म्हणजे केकच्या कडेचे क्रीम सपाट करायची पट्टी, अशी जोडी घेतली. दुकानाचे नाव देत नाही, कारण पहिला स्क्रेपर वाकडा निघाला आणि तो बदलून घेण्यासाठी मला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. वाकडेपणा नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता. स्क्रेपरची कड काचेवर उभी धरून मागून विजेरी लावली, तेव्हा मधोमध प्रकाशाची बारीक फट दिसली. एवढीशी फटदेखील केकवर आडव्या वरवंट्यासारखी उमटते. म्हणून ही चाचणी दुकानातच करावी, दुकानदार कितीही घाई करो.

पाटाचे वजन हाच त्याचा मोठा गुण आहे. गुळगुळीत कड मिळवायची तर स्क्रेपर एका जागी स्थिर धरून केक फिरवायचा असतो; हात केकभोवती फिरवू लागलो की दर वेळी जिथे थांबतो तिथे ओरखडा राहतो. हलका पाट अर्ध्या फेरीत मंदावतो, हा मात्र एका धक्क्यात संपूर्ण फेरी पुरी करतो. उणीव एकच : त्याच्या बुडाला रबर नाही, त्यामुळे कडप्प्याच्या ओट्यावर तो सरकतो आणि खाली ओले फडके घालावे लागते.

स्क्रेपर केकला काटकोनात नव्हे, तर सुमारे ४५ अंशांनी तिरका आणि खालची कड पाटावर टेकवून धरायचा असतो. ६ इंची केक साडेसहा इंची पुठ्ठ्यावर ठेवला की पुठ्ठ्याची कड मोजपट्टीचे काम करते आणि क्रीमचा थर सर्वत्र सारखा राहतो. बाजारातले सोनेरी पुठ्ठे मात्र बहुधा नागमोडी कडांचे मिळतात. त्या नागमोडी केकवर हुबेहूब उतरतात, म्हणून गोल कापलेला सपाट पुठ्ठाच घ्यावा.

इथवर अवजारांचे झाले. तिन्ही केकनंतर माझे मत असे बनले आहे की खरा निकाल लोण्याचे तापमान लावते. अवजारे शेवटची दोन मिनिटे सांभाळतात. पहिला केक मी मेमध्ये दुपारी केला. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि त्या दिवशी स्वयंपाकघर त्याच्या जवळपास पोहोचले होते. २५० ग्रॅम बिनमिठाचे लोणी आणि ५०० ग्रॅम आयसिंग शुगर घेऊन केलेले साधे बटरक्रीम स्क्रेपरला चिकटून निघू लागले आणि नवा पाट व्यर्थ ठरला. दुसरा केक पहाटे केला. पहिला पातळ थर, म्हणजे चुरा धरून ठेवणारा क्रम्ब कोट, लावून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला, आणि मग अंतिम थर स्क्रेपरच्या पाच-सहा फेऱ्यांत बसला.

तरीही दुसऱ्या केकवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे राहिली होती. दोष स्क्रेपरचा नव्हता. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती हँड मिक्सरबरोबर हवा भरणारे बीटरच मिळतात, आणि क्रीम हलके करताना भरलेली ती हवाच शेवटी छिद्रांच्या रूपाने बाहेर येते. पॅडल, म्हणजे चपटे पाते, असलेल्या स्टँड मिक्सरवर अखेरची काही मिनिटे सर्वांत कमी वेगाने फिरवले की हवा निघून जाते. तो नसेल तर सिलिकॉनच्या उलथन्याने क्रीम भांड्याच्या कडेवर दाबून घोटावे. दहा मिनिटांत मनगट दुखते, पण फरक स्पष्ट दिसतो.

तिसऱ्या केकसाठी स्विस मेरिंग बटरक्रीम केले : १५० ग्रॅम अंड्यांचे पांढरे आणि ३०० ग्रॅम साखर गरम पाण्याच्या वाफेवर ७१ अंशांपर्यंत तापवून, ते फेटून थंड झाल्यावर त्यात ४५० ग्रॅम लोणी थोडे थोडे घातले. मध्येच ते लोणी काढताना ताक वेगळे दिसते तसे फुटले. अशा वेळी टाकून न देता फेटत राहावे, ते पुन्हा एकजीव होते. या क्रीमवर स्क्रेपरचे खरे काम दिसले, कारण साखर विरघळलेली असल्याने कणीदारपणा उरत नाही. शेवटच्या फेरीपूर्वी स्क्रेपर गरम पाण्यात बुडवून कोरडा पुसला. पाणी राहिले तर रेघा उठतात आणि स्टील फार तापले तर रंगीत क्रीमवर गडद चट्टे पडतात. वर उभी राहिलेली कड पॅलेट नाइफने बाहेरून मध्याकडे अलगद ओढली, दर वेळी पाते पुसून. तो केक पाहून घरच्यांनी तो विकतचा आहे का, असे विचारले. त्याचे श्रेय मी अर्धे फ्रिजला देते.

पावसाळ्यात थंड केक उघड्यावर काढला की त्यावर दव धरते आणि तयार गुळगुळीतपणा डागाळतो. केक बंद खोक्यातच सामान्य तापमानाला येऊ दिला तर ओल खोक्याच्या बाहेरच्या बाजूवर धरते.

ज्या घरी केवळ वनस्पतिजन्य व्हिपिंग क्रीमचे केक होतात, तिथे ही खरेदी आवश्यक नाही. त्या क्रीमला प्लास्टिकचा स्क्रेपर पुरतो आणि तापलेले स्टील तर त्याला वितळवूनच टाकते. बटरक्रीम करणाऱ्यांनी आधी सरळ कडेचा स्क्रेपर घ्यावा, पाट पुढच्या दिवाळीला घेतला तरी चालेल.