सर्बियन व्याकरणाचं पुस्तक : आठ महिने वापरून, राऊटर बंद पडल्यावर लिहिलेला अनुभव

परवा शनिवारी सकाळी राऊटरचा हिरवा दिवा लाल झाला. नवरा कामावर, घरमालकीणबाई गावाला, आणि अकरा वाजता मुलाची ऑनलाइन शिकवणी. सर्बियातल्या नोवी साद शहरात येऊन मला दहा महिने झाले, हे पुस्तक घेऊन आठ. रोज अर्धा तास त्यावर घालवलाय, तेव्हा इंटरनेट कंपनीला फोन मीच लावायचा असं ठरवलं. त्या पंचवीस मिनिटांच्या फोनमुळेच हे लिहायला बसले आहे. किती धडे, किती पानं, सोबत ऑडिओ आहे का, ही माहिती विक्रीच्या पानावर आहेच. ती परत लिहीत नाही.

पलीकडच्या मुलाने विचारलं, "येस्ते ली इस्क्ल्युचिली रुतेर?" म्हणजे राऊटर बंद केलात का. मी ताबडतोब म्हणाले, "इस्क्ल्युचिओ साम." तो थांबला. मग म्हणाला, "को, मुझ?" कोणी, नवऱ्याने?

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की चूक माझ्या मराठीतून आली होती. आपण म्हणतो, मी राऊटर बंद केला, मी वायर काढली. बोलणारी बाई असो की पुरुष, क्रियापद कर्माच्या मागे जातं. राऊटर पुल्लिंगी म्हणून 'केला'. सर्बियनमध्ये भूतकाळ कर्त्याच्या मागे जातो. मी बाई, म्हणून वस्तू कुठलीही असली तरी 'इस्क्ल्युचिला साम'. 'मी गेले' म्हणताना आपणही तेच करतो, म्हणून अकर्मक क्रियापदांत माझी कधी चूक झाली नव्हती. सकर्मकात मात्र आठ महिने चुकत होते आणि पुस्तकाने एकदाही सावध केलं नाही. कसं करणार? ते इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी लिहिलंय, आणि इंग्रजीत हा खड्डाच नाही.

आता माझी मुख्य तक्रार. उपकरणं आणि इंटरनेट हा धडा सातवा आहे. चार्जर, सॉकेट, पासवर्ड, हेडफोन, प्रिंटर, म्हणजे पुन्याच, उतिच्नित्सा, लोझिंका, स्लुशालित्से, श्तांपाच, सगळे शब्द चित्रांसकट दिलेत. पण 'मला' या अर्थाचा छोटा 'मी' येतो थेट एकोणिसाव्या धड्यात! (दिसायला आपल्या 'मी'सारखा, अर्थाने आपला 'मला'.) मधल्या अकरा धड्यांत तुम्ही फक्त "या इमाम तेलेफोन", माझ्याकडे फोन आहे, एवढंच म्हणत राहायचं. इथे कोणी असं बोलत नाही हो. चार्जर हवा असेल तर "त्रेबा मी पुन्याच". हा फोन आवडला तर "स्विजा मी से ओवाय तेलेफोन". राऊटर बिघडला तर "पोक्वारिओ मी से रुतेर". उपकरणांबद्दलचं रोजचं बोलणं या 'मी'वर उभं आहे, आणि तोच यांनी कपाटात बंद करून ठेवलाय.

शब्दसूचीत 'त्रेबाती'पुढे इंग्रजीतला 'गरज असणे' एवढाच अर्थ दिलाय. म्हणून मी दुकानात जाऊन "या त्रेबाम पुन्याच" म्हणाले. दुकानातल्या बाईला कळलं, तिने चार्जर दिला, पण पैसे घेताना हळूच "त्रेबा वाम" असं दुरुस्त करून सांगितलं. तुम्हाला हवाय. अहो, मला चार्जर हवाय! वाक्य तर आमच्या घरातलंच होतं. चतुर्थी आपल्याकडे आहे, मला आवडतं, मला पाहिजे, मला कळलं. मी मराठीत विचार केला असता तर पहिल्याच दिवशी बरोबर बोलले असते. मधे इंग्रजी घातली म्हणून वाक्य उलटं झालं. लक्षात एवढंच ठेवायचं की हा 'मी' वाक्याच्या सुरुवातीला कधी येत नाही, पहिल्या शब्दाला चिकटून दुसरा बसतो. बास. हे सातव्या धड्यात चार ओळींत सांगता आलं असतं. मी माझ्या प्रतीत समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

आधी मी या पुस्तकाला पाचपैकी दोनच देणार होते. त्या शनिवारच्या फोनने एक वाढवला. बाराव्या धड्यात क्रियापदांच्या जोड्यांचे तक्ते आहेत, चालू क्रिया एका बाजूला, पुरी झालेली दुसऱ्या बाजूला. मला ते भरताड वाटायचे. लिंगाची चूक सुधारून मी त्या मुलाला म्हणाले, "इस्क्ल्युचिवाला साम." त्याने परत तेच विचारलं, मग केलात का बंद? मी सांगत होते 'बंद करत होते', त्याला हवं होतं 'बंद केला'. तक्ता डोळ्यांपुढे आला आणि मी म्हणाले, "इस्क्ल्युचिला साम गा." लगेच गाडी पुढे सरकली. फोन चार्ज करत होते, पुनिला साम. चार्ज करून झाला, नापुनिला साम. हे तक्ते रोज दोन पाठ करा, मी आता करते.

विभक्त्यांना घाबरू नका. यांच्या सात आहेत, आपल्या व्याकरणात आपण आठ मोजतो. कार्डाने पैसे दिले, 'कार्तित्सोम', आपली तृतीया. हाक मारायची तर 'मायस्तोरे', 'गोस्पोजो', आपलं संबोधन. आणखी एक गोष्ट बघा. फोन दिसतो, 'विदिम तेलेफोन', शब्दाला काही लागत नाही. भाऊ दिसतो, 'विदिम ब्राता', शब्द बदलतो. आपणही फोन पाहिला म्हणतो, पण भावाला पाहिलं. सजीवाला 'ला' लागतो तसंच हे. पुस्तकात यावर दीड पान आणि सहा अपवाद आहेत. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. 'नेमा' म्हणजे नाही, त्याच्यापुढे षष्ठी लागते. नेमा इंतेरनेता, नेमा सिग्नाला, नेमा स्त्रुये. इंटरनेट नाही, सिग्नल नाही, वीज नाही. इथे मराठीची मदत होत नाही, घोकूनच घ्यावं लागतं.

लिपीचं प्रकरण पुस्तकाने छान केलंय, तक्रार नाही. तीस अक्षरं, जसा उच्चार तसं लेखन, वुक काराजिच या भाषासुधारकाने एकोणिसाव्या शतकात लावलेली शिस्त. त्याचं चित्र इथल्या दहा दिनारांच्या नोटेवर आहे. 2006 च्या राज्यघटनेत अधिकृत वापरासाठी सिरिलिक (रशियनसारखी लिपी) आहे, पण दुकानांच्या पाट्यांवर आणि फोनवर रोमन भरपूर दिसते, तेव्हा दोन्ही शिकाच. परदेशी नावंही ही मंडळी आपल्यासारखी उच्चाराप्रमाणे लिहितात, गुगल, यूट्यूब, वायफाय, आणि वर आपल्यासारखाच प्रत्यय लावतात. आपण यूट्यूबवर म्हणतो, हे 'ना युत्युबु'.

एक शब्द मात्र पुस्तकाबाहेर मिळाला आणि फार आवडला. घरमालकीणबाई हिवाळ्यात घरात शिरताना म्हणायच्या, "स्किनी याक्नु", जॅकेट काढ. मग एकदा माझा फोन हातात घेऊन म्हणाल्या, "स्किनी आप्लिकात्सियु." ॲप उतरवून घे! कपडे उतरवणं आणि ॲप उतरवणं, एकच क्रियापद. आपल्याकडेही 'उतरवणं' दोन्हीकडे चालतंच की. पुस्तकात त्या जागी डाउनलोडसाठी दुसरा, औपचारिक शब्द आहे. तोही बरोबर आहे, पण घरात ऐकू येत नाही.

आता पैशांची गोष्ट. पुस्तक मला बावीसशे दिनारांना पडलं. ऑडिओ कोडवर चालतो आणि कोड फक्त दोन उपकरणांवर. माझा जुना फोन मेला, नवीन घेतला, तर तो तिसरा म्हणून नकार. प्रकाशनाला इंग्रजीत दोन ईमेल केल्या, उत्तर नाही. तिसरी सर्बियनमध्ये लिहिली, पहिलंच वाक्य "पोक्वारिओ मी से तेलेफोन, त्रेबा मी नोवी कोद." दुसऱ्या दिवशी नवा कोड आला. आनंद झालाच, पण ज्याला अजून भाषा येत नाही त्याने काय करायचं? शिकणाऱ्याच्या पुस्तकात हा अडथळा असायला नको होता.

पाचपैकी तीन. नवीन घेणार असाल तर सातवा धडा उघडायच्या आधी एकोणिसावा वाचा. जुनी प्रत स्वस्तात मिळत असेल तर पैसे देण्याआधी कोड वापरलेला आहे का ते विचारा.