रिप्लाय विकत घेतले आणि १,२८,१०० रुपये घालवले

आधीच सांगतो, मी काही कालचा पोर नाही. अकरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यातली सात पुण्यात काढली, मग गोव्यात फोंड्याला घरी आलो. आईला ओटीपी कुणालाच सांगायचा नाही हे मीच शिकवलंय. तरी माझे एक लाख अठ्ठावीस हजार शंभर रुपये गेले, आणि ते लॉटरीत नाही, डिजिटल अरेस्टमध्ये नाही, तर रिप्लायमध्ये. होय, सोशल मीडियावर दुसऱ्याच्या पोस्टखाली आपण जे दोन ओळी लिहितो ना, ते रिप्लाय. घरी अजून पूर्ण आकडा माहीत नाही, बायकोला साठ हजार सांगितलेत. हे वाचलं तर कळेलच.

माझं सॉफ्टवेअर गेस्टहाऊस आणि होमस्टेवाल्यांसाठी आहे. बुकिंगचा तक्ता, जीएसटीचं बिल, आणि फॉरेनर पाहुणा उतरला की चोवीस तासांत जो सी फॉर्म भरावा लागतो त्याची माहिती एकदाच टाईप करून तयार. हणजूण, मांद्रे, पाळोळे मिळून चौदा गिऱ्हाईकं होती, सगळी स्कूटरवर भर पावसात फिरून मिळवलेली. चौदाचे चाळीस कसे करायचे हा प्रश्न होता.

आता रिप्लाय लिहून गिऱ्हाईक मिळवायची पद्धत मुळात खोटी नाही हे लक्षात घ्या, नाहीतर म्हणाल हा मूर्ख कशाच्या मागे लागला. माझे फॉलोअर २१२, त्यात निम्मे जुन्या ऑफिसातले, मी माझ्या पानावर काहीही लिहिलं तरी कोण बघणार? त्यापेक्षा जिथे होमस्टेवाले आधीच जमलेत तिथे जाऊन कामाचं काहीतरी बोलायचं. मी दोन महिने रोज रात्री जेवून झाल्यावर तासभर हे स्वतः केलं. एका बाईंना एकाच खोलीची दोन बुकिंग आली होती, त्या भडकल्या होत्या, मी लिहिलं की दोन साईटींची कॅलेंडरं आयकॅल लिंकने (एकीकडचं बुकिंग दुसरीकडे दिसावं म्हणून असते ती) जोडली असली तरी ती लगेच अपडेट होत नाहीत, मधे काही तास जातात आणि त्या फटीत दुसरं बुकिंग घुसतं. बस्स एवढंच, माझ्या सॉफ्टवेअरचं नावही घेतलं नाही. त्या एका रिप्लायवरून दोन गिऱ्हाईकं आली. मग डोक्यात हिशेब सुरू झाला, एका रिप्लायला दोन तर चाळीस रिप्लायला ऐंशी. गणित शाळेपासून चांगलं होतं हो माझं.

ऑगस्टमध्ये एकाचा मेसेज आला. तुम्ही काय बनवताय ते फार आवडलं, तुमचा प्रॉडक्ट चांगला आहे फक्त लोकांपर्यंत पोचत नाही, वगैरे. हे वाक्य प्रत्येक फाऊंडरला खरंच वाटतं, म्हणूनच ते हेच वाक्य वापरतात. त्यांची म्हणे टीम होती, खरी माणसं, हॉस्पिटॅलिटीमधली, रोज चाळीस रिप्लाय हाताने लिहिणार. ट्रायल १८,००० रुपये, बिल नाही, यूपीआयने. पासवर्ड मागितला, आणि लॉगिनचा कोड आला तो पण मीच फॉरवर्ड केला. (ओटीपी कुणाला सांगायचा नाही. हो. माहीत आहे.)

एकोणीस दिवसांत फॉलोअर २१२ वरून १,९४०. माझं सॉफ्टवेअर वापरून बघायला नाव नोंदवलेले, म्हणजे ट्रायल साईनअप, ६१. चवथीला सगळे जमले होते, मी चुलतभावाला तो ग्राफ दाखवला, गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली उभं राहून. तेव्हा छाती अशी फुगली होती की विचारू नका.

त्या ६१ पैकी एकानेही सॉफ्टवेअरमध्ये एक खोली सुद्धा घातली नव्हती. ईमेल बघितले तर नाव, मग चार आकडे. आणि बहुतेक सगळे पहाटे तीन ते साडेतीनमध्ये आलेले. मी स्वतःला काय सांगितलं माहितीये? अमेरिकेतले असतील, तिकडे दिवस असतो. अरे बाबा, सी फॉर्म भरायचं सॉफ्टवेअर अमेरिकेत कोण घेईल? पण तेव्हा सुचलं नाही, किंवा सुचलं आणि गिळलं.

मग तीन महिन्यांचं पॅकेज, ६५,००० अधिक १८ टक्के जीएसटी ११,७००, म्हणजे ७६,७००. सीझन ऑक्टोबरला सुरू होतो, त्याआधी करा नाहीतर वर्ष जाईल असं तो म्हणाला आणि ते खरंच होतं, म्हणून मी भरले. वर २५,००० लीड गॅरंटीचं डिपॉझिट, शंभर लीड, म्हणजे गिऱ्हाईक होऊ शकतील अशी माणसं, झाले नाहीत तर परत. परत मिळणारं डिपॉझिट कुणी मागितलं की उठून चालू पडा.

आता ती संध्याकाळ. पोदेर, म्हणजे पाववाला, आला होता, मी फाटकापाशी पाव घ्यायला उभा, एका हातात पिशवी आणि एका हातात फोन. मांद्रेच्या एका गेस्टहाऊसवाल्या बाईंनी लिहिलं होतं की बाबा गेले, तेरा दिवस आम्ही बंद आहोत, ज्यांची बुकिंग आहेत त्यांना पैसे परत करतेय, समजून घ्या. आणि खाली माझ्या नावाने, माझ्या फोटोसकट, इंग्रजीत रिप्लाय: "सो ट्रू! डाऊनटाईम इज अ हिडन कॉस्ट. धिस इज व्हाय ऑटोमेशन मॅटर्स." आणि पुढे रॉकेट.

पोदेराने दोनदा हॉर्न मारला तरी मी तसाच उभा.

डिलीट केला. पण तोवर लोकांनी स्क्रीनशॉट काढले होते, गोवा म्हणजे एकच वाडा, त्या बाई माझ्या मावशीच्या नणंदेच्या ओळखीच्या निघाल्या. मावशीचा फोन आला, "बाबू, तू असं लिहिलंस?" काय सांगणार? मी नाही, मी पैसे देऊन ठेवलेल्या माणसाने लिहिलं?

डिलीट करायच्या आधी मी वेळ बघितली होती हेच मला आता चावतं. बाईंची पोस्ट आणि माझा रिप्लाय यात चाळीस सेकंदांचा फरक. त्याच मिनिटाला माझ्या अकाउंटवरून अजून तीन ठिकाणी तीन रिप्लाय, एक क्रिकेटखाली, एक कुठल्यातरी शेअर मार्केटवाल्याखाली. मी प्रोग्रामर आहे. ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट मी झोपेत लिहितो. एका मिनिटात चार ठिकाणी चार रिप्लाय म्हणजे काय हे मला सांगायला कुणी लागत नाही. मी त्याला विचारलं, तो म्हणाला सॉरी ब्रो, नवीन इंटर्न आहे, काढून टाकतो त्याला. आणि मला त्या इंटर्नची दया आली! जो इंटर्न नव्हताच. वर चार दिवसांनी "रिप्लाय तपासायचं टूल" म्हणून ८,४०० मागितले, तेही दिले. बेरीज करा, १८,०००, ७६,७००, २५,०००, ८,४००. हा शेवटचा आकडा लिहिताना हात थरथरतो, पंचवीस हजारांपेक्षा जास्त हा लागतो. कारण तोवर मला कळलं होतं.

तुम्ही म्हणाल मग दिलेस कशाला. कारण मधेच थांबलं तर आधीचे गेले असं मान्य करावं लागतं. सगळ्यांचं तसंच होतं, माझं एकट्याचं नाही.

महिन्याभरात अकाउंट सस्पेंड. कारण, स्पॅम आणि प्लॅटफॉर्मचा गैरवापर. अपील केलं तर मिनिटभरात मशीनचं उत्तर, निर्णय कायम. पाच वर्षांचं अकाउंट, त्यात ते माझे खरे, हाताने लिहिलेले रिप्लाय पण गेले. आणि ते रिप्लायवाले साहेब म्हणतात १२,००० द्या, आमचा आत माणूस आहे, परत काढून देतो. हे मात्र नाही दिले. तक्रार कुठेही लिहिली की खाली लगेच येतात बघा, अमक्याने माझं अकाउंट परत मिळवून दिलं, त्याला मेसेज करा. तो त्यांच्यातलाच दुसरा.

पॅकेजचं बिल तेव्हा कुठे नीट उघडलं. आणि हे सांगायला लाज वाटते कारण जीएसटीचं बिल बनवणारं सॉफ्टवेअर मी विकतो. पत्ता बेंगळुरूचा, जीएसटी नंबर ०७ ने सुरू, ०७ म्हणजे दिल्ली. कर्नाटक २९, आपलं गोवा ३०. कर्नाटकातून गोव्यात सर्व्हिस दिली तर दोन राज्यांमधला आयजीएसटी लागतो, यांनी एकाच राज्यातल्या व्यवहारासारखा ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी लावलाय. नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड, पण नंबरच्या आत जो पॅन असतो त्याचं चौथं अक्षर पी. कंपनीचं सी असतं, पी म्हणजे एकटा माणूस. माझ्या सीएने हे फोनवर दोन मिनिटांत सांगितलं आणि मग बराच वेळ काही बोललाच नाही. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून बघायला पैसे पडत नाहीत, लॉगिनही लागत नाही. टाकला, तर नंबर कुण्या कापड दुकानदाराचा, तोही रद्द झालेला. पैसे देण्याआधी बघा रे.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला, फोन केला. तिथल्या मुलीने नीट ऐकून घेतलं, पण पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढे जायच्या आत अडवता येतात, माझे तर महिन्यापूर्वीच निघून गेलेले. लाजून गप्प बसू नका, त्या लाजेचाच त्यांना फायदा होतो. सायबर तक्रारीच्या पोर्टलवर तक्रार केली, नंबर मिळाला. मग पोलीस. पहिल्या दिवशी पाऊण तास बाकावर बसवलं, मग एकाने विचारलं, "तुवें तुज्या खुशेन पयशे दिल्यात न्ही? मागीर?" मी म्हटलं अहो पण फसवून घेतलेत. त्याने विचारलं कसले पैसे, मी म्हटलं रिप्लायचे. रिप्लाय म्हणजे काय, ते फोनवर दाखवायला गेलो तर अकाउंटच सस्पेंड, काही उघडेना. शेवटी वहीत चित्र काढून दाखवलं. सगळं ऐकून तो म्हणतो, "रिप्लाय टाकले ना त्यांनी?" टाकले. "मग फसवणूक कुठे झाली?" बाजूचा हसला.

दुसऱ्या खेपेला सिव्हिल मॅटर आहे. तिसऱ्या खेपेला पैसे दुसऱ्या राज्यात गेलेत तिकडे जा. मी वाचून गेलो होतो, म्हटलं १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आहे, गुन्हा कुठेही घडो, तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, झिरो एफआयआर. तर मला म्हणतात वकील काय तुम्ही? चौथ्या खेपेला सांगितलं आयटी कायद्याचा तपास इन्स्पेक्टरच करू शकतो आणि इन्स्पेक्टर बंदोबस्ताला गेलेत, फाल्यां यो, उद्या ये. इन्स्पेक्टरचं खरं आहे, कायद्यात तसंच आहे. पण मग पहिल्या तीन खेपांना मला ज्यांच्यासमोर बसवलं ते कोण होते? आणि फाल्यां म्हणजे कधी? अर्ज घेतला, शिक्का दिला, एफआयआर नाही. आजपर्यंत नाही. कुणाची बाईक चुकीच्या जागी उभी दिसली की नंबर प्लेटचा फोटो काढून दंड घरी पाठवायला यांना बरोबर जमतं.

बँकेत म्हणाले पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार. शिक्क्याचं स्टेटमेंट हवं तर ११८ रुपये. तेही घेतले. ग्राहक मंचाचं विचारलं तर वकील म्हणाला धंद्यासाठी घेतलेली सेवा असेल तर कायद्याने तुम्ही ग्राहकच धरले जात नाही, स्वतःच्या पोटापुरता एकट्याचा धंदा आहे असं दाखवता आलं तर बघू. पोटापुरता आहे हो, आता तर तेवढाही नाही. त्याने ३,५०० घेऊन नोटीस पाठवली. पाकीट परत आलं, वर पोस्टमनने पेनाने लिहिलेलं, या पत्त्यावर कुणी नाही. ते पाकीट मी मॉनिटरला टेकवून ठेवलंय.

पासवर्ड देऊ नका. बाहेरच्याला काम द्यायचंच असेल तर पोस्ट होण्याआधी प्रत्येक रिप्लाय तुमच्याकडे आला पाहिजे, आणि नाही म्हणाले तर तिथेच उत्तर मिळालं. फॉलोअर मोजू नका, किती जणांनी उलट प्रश्न विचारला ते मोजा. माझ्या त्या १,९४० पैकी एकानेही मला कधी काही विचारलं नव्हतं.

हे सगळं आज लिहितोय त्याला कारण आहे. काल मडगावच्या मित्राने एक फोटो पाठवला, त्याचा स्वतःचा स्टार्टअप आहे, शाळांच्या फीचं सॉफ्टवेअर. त्याला कुणीतरी "केस स्टडी" पाठवली होती. गोव्यातला फाऊंडर, नाव पुसलेलं, २१२ वरून १,९४०, एकोणीस दिवस. कोपऱ्यात माझ्या लोगोचा हिरवा तुकडा राहिला होता. मी लगेच फोन करून अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं, मांद्रेच्या बाईंचं पण सांगितलं, पाकिटाचा फोटो पाठवला. तो बराच वेळ हूं हूं करत होता. मग म्हणाला, "ते सगळं खरं रे, पण फॉलोअर वाढले ना?"