कौन्सिलचं ट्री ऑफिस: तोडलेल्या झाडाच्या जागी नवीन झाड लावताना आलेला अनुभव

इंग्लंडात घर घेतलं आणि चार महिन्यांत कौन्सिलचं पत्र, की आधीच्या मालकाने मागचं ॲशचं झाड तोडलंय, त्याच्यावर टीपीओ (ट्री प्रिझर्व्हेशन ऑर्डर, म्हणजे झाड जपण्याचा कौन्सिलचा आदेश) होता, आता त्या जागी दुसरं झाड तुम्ही लावा. मी घाबरलेच, कारण आम्ही आलो तेव्हा तिथे नुसता बुंधा होता. घर घेताना मागवतात त्या सर्च रिपोर्टमध्ये (घराच्या चौकशीचा अहवाल) टीपीओ लिहिलेला होता पण आमच्या सॉलिसिटरने, म्हणजे वकिलाने, त्याबद्दल एक शब्द सांगितला नाही, त्याचा राग अजून आहे.

ट्री ऑफिसला मात्र 5 पैकी 4 देते. ऑफिसर बाई स्वतः घरी आल्या, अर्धा तास अंगणात उभं राहून नीट समजावलं. झाड मेलेलं किंवा धोकादायक असेल तर तोडायला परवानगी लागत नाही, तातडीचं नसेल तर 5 दिवस आधी लेखी कळवायचं, पण परवानगी लागली नाही म्हणून नवीन झाड लावणं सुटत नाही आणि लोक नेमके इथेच अडकतात. 1990 च्या प्लॅनिंग ॲक्टचं कलम 206, योग्य जातीचं, योग्य आकाराचं झाड, त्याच जागी. जबाबदारी जमिनीच्या मालकावर, म्हणजे घर विकलं की ती नवीन मालकाच्या गळ्यात. लावलं नाही तर 4 वर्षांच्या आत नोटीस काढता येते, त्यावर अपील असतं.

ॲशला डायबॅक रोग लागतो म्हणून परत ॲश नको म्हणाल्या, फील्ड मेपल ठरलं. मी गार्डन सेंटरमधून छोटं रोप आणणार होते, बरं झालं आधी विचारलं, कारण त्यांना हेवी स्टँडर्ड हवं होतं, म्हणजे जमिनीपासून 1 मीटरवर खोडाचा घेर 12 ते 14 सेंटीमीटर. आकार लेखी घेतल्याशिवाय एक पाउंडही खर्च करू नका!

एक स्टार कापला तो उशिरासाठी. हे लेखी उत्तर यायला सहा आठवडे लागले, आणि मोकळ्या मुळांची (कुंडी-मातीशिवाय विकतात ती) झाडं नोव्हेंबर ते मार्चच लावता येतात, त्यामुळे आमचं कसंबसं मार्चच्या पहिल्या आठवड्यात लागलं. एप्रिलअखेर पालवी फुटली तेव्हा आईला लगेच व्हिडिओ कॉल करून दाखवली, खूप बरं वाटलं. आता उन्हाळाभर पाणी घालतोय, पुढची दोन वर्षं पण घालावं लागेल. आणि हो, या नवीन झाडालाही तोच टीपीओ आपोआप लागू झालाय, फांदी छाटायची तरी अर्ज.

घर बघायला जाताना सर्चमध्ये टीपीओ दिसला तर मागे जाऊन ते झाड खरंच उभं आहे का, तेवढं बघून घ्या.