बीडीएसचा पसंतीक्रम: दूरचं सरकारी की घराजवळचं खासगी?

पुण्यातल्या एका मुलीने विचारलंय, प्रवेशाच्या पसंतीक्रमात नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आधी टाकू की घराजवळचं खासगी? बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, दोन्हीकडे तीच: चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप.

फी सरकारीत खूपच कमी. खासगीची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तरी ती वर्षाला लाखांत जाते.

पण माझ्या मते खरा निकष रुग्णसंख्या. दात काढणं, भरणं, कवळी बसवणं हे हातानंच शिकायचं असतं. सरकारी ओपीडीत रांग असते; काही खासगी ठिकाणी विद्यार्थ्यांनाच रुग्ण शोधत फिरावं लागतं. म्हणून माहितीपत्रकातले चकचकीत फोटो बाजूला ठेव. कामाच्या दिवशी सकाळी ओपीडीत जाऊन बस, किती खुर्च्यांवर खरंच माणसं आहेत ते मोज, इंटर्नशी बोल.

घरापासून लांब राहणं जड जातं, पण निभतं.

कर्ज टाळून पुढे स्वतःचा दवाखाना काढायचा असेल, तर नागपूर आधी. घरच्या जबाबदारीमुळे पुणं सोडणं शक्यच नसेल, फी झेपत असेल आणि तिथली ओपीडी भरलेली दिसली, तरच खासगी वर घे.